ओपलचा पहारेकरी

"हलू नका. उचललेला पाय खाली ठेवू नका."

जिना चढून वर आलेला तो माणूस एका पायावर थिजला. दोन्ही हातांनी छातीशी धरलेली लाकडी पेटी, एक बूट हवेत, आणि समोर अरुंद बोळात फरशीवर ओणवी झालेली एक मुलगी. तिच्या कपाळावर भिंग चढवलेलं होतं, एका हातात चिमटा, दुसऱ्यात विजेरी.

"किती वेळ असं उभं राहायचं?" त्याने विचारलं.

"सापडेपर्यंत."

"काय?"

"माणिक. मोहरीएवढं. चिमट्यातून उडालं आणि दारातून बाहेर पळालं. बोलू नका, धूळ हलते."

तो गप्प राहिला. डुलायला मात्र लागला. पेटी सोडून भिंत धरावी, तर पेटी सोडायची सोय नव्हती. मुलगी गुडघ्यांवर सरकत त्याच्यापाशी आली, तिने विजेरीचा उजेड त्याच्या बुटावर टाकला, मग पँटच्या दुमडीवर, आणि कसलाही संकोच न करता चिमटा त्या दुमडीत घातला. चिमट्याच्या टोकाला लाल ठिपका चमकला.

"आता ठेवा पाय."

"आभार वगैरे काही?"

"माझा माल तुमच्या पँटमध्ये सापडलाय," ती उठत म्हणाली. "आभार कुणी कुणाचे मानायचे ते बघा."

तिला सगळे मिरी म्हणत. चणीने एवढीशी आणि तोंडाने तिखट, म्हणून लहानपणीच वडिलांनी ठेवलेलं नाव, आणि ते तिला असं चिकटलं की खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं. दागिन्यांत खडे बसवणं हा तिच्या वडिलांचा धंदा, आणि आता तिचाही. सुरुवातीला गिऱ्हाइकं तिच्या टेबलावर दागिना ठेवायची आणि तिच्या डोक्यावरून मागे वडिलांकडे बघून बोलायची. मिरीने कधी वाद घातला नाही. ज्याला दुसरं कुणी हात लावायला धजत नव्हतं ते काम ती मागून घ्यायची. आता गल्लीतले मोठमोठे सराफ अवघड खडा आला की तिच्याकडे पाठवत, आणि वडील मागच्या खुर्चीत बसून पेपर वाचत. या गोष्टीचा तिला गर्व होता. तो लपवायची तिला गरज वाटत नसे.

पाहुणा म्युझियममधून आला होता. तिथे दागिन्यांतल्या रत्नांचं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक रत्नाचा इतिहास आणि त्याच्याभोवती जमलेल्या कथा शोधायच्या आणि काचेखालच्या पाट्यांवर लिहायच्या, हे त्याचं काम. त्याने पेटी उघडली. आत कापसावर एक ब्रूच होता. मधोमध बदामाएवढा ओपल, आणि त्यात हिरवा, निळा, नारिंगी असे रंग सरकत होते. एका बाजूची सोन्याची कड उचकटली होती आणि खडा हलत होता.

"नको," पेपरामागून वडील म्हणाले. "ओपल नको, मिरे."

"सगळे हेच म्हणतात," पाहुणा म्हणाला. "चार जणांनी दारातूनच परत पाठवलं."

"पाठवणारच. जरा दाब पडला, जरा ऊब लागली की तडकतो. आणि फुटला तर खड्याचं कुणी नाव घेत नाही, बसवणाऱ्याचं घेतात. आमच्या धंद्यात दोन गोष्टींनी माणूस उठतो. खडा फोडला, किंवा बदलला असा नुसता संशय आला. त्यानंतर कुणी काचेचा मणीसुद्धा हातात देत नाही."

"एका राजाचा ओपल फुटला म्हणून सोनाराचे हात तोडले, अशी गोष्ट सांगतात," पाहुणा उत्साहाने म्हणाला, आणि मग समोरच्या हातांकडे बघून त्याला वाटलं की ही गोष्ट आत्ता नको होती.

मिरीने भिंग डोळ्यावर ओढलं आणि खडा उजेडात फिरवून पाहिला. "ठेवा इथे. मी करते."

"एक अडचण आहे. वस्तू म्युझियमबाहेर असेल तोवर माझ्या नजरेआड होता कामा नये, असा नियम आहे. तुम्ही काम करायचं आणि मी बसायचं. संध्याकाळी पेटी परत न्यायची."

"मला कुणी बघत बसलेलं चालत नाही."

"मी तुम्हाला नाही बघणार. दगडाला बघणार."

"दगड माझ्या हातात असणार."

"हो..." तो म्हणाला. "ते आहे खरं."

दुसऱ्या दिवसापासून तो स्टूल घेऊन तिच्यासमोर बसू लागला. मिरीला पहिल्या सकाळी फार राग आला. कुणीतरी समोर बसलंय म्हटल्यावर नाकाला खाज सुटते, केस डोळ्यांवर येतात, आणि एरवी कधी न सुटणारा चिमटा दोनदा खाली पडतो. त्यात ओपलचं काम म्हणजे मुंगीच्या पावलांनी चालणं. दागिना पक्का धरायला एरवी लाख तापवतात, पण ओपलला ऊब सोसत नाही, म्हणून तिने लाकडी चाप्यात मऊ चामडं घालून ब्रूच त्यात बसवला होता. मग खडा नव्याने बसवण्यासाठी सोन्याची कड केसभर उचलायची, थांबायचं, बघायचं, पुन्हा केसभर. या थांबण्याच्या वेळात त्याला कंठ फुटायचा.

"जुने लोक समजायचे की माणिक पाण्यात टाकलं की पाणी उकळतं."

"एखादं इथे ठेवून जा. चहाचा गॅस वाचेल."

"पाचूची गोष्ट ऐकलीय? प्रेमात कुणी खोटं वागलं की पाचूला तडा जातो म्हणे."

"पाचूला जन्मापासूनच चिरा असतात. खाणीतूनच तसा येतो." तिने वर पाहिलं. "म्हणजे जगात प्रेम करणारे सगळेच खोटे?"

"सगळे नसतील," तो जरा घाईने म्हणाला.

मागच्या खुर्चीतला पेपर उगाचच सळसळला.

तिला गोष्टी आवडत नाहीत असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं. तरी तो एखादे दिवशी गप्प बसला, तर कड उचलता उचलता तीच म्हणायची, "आज दगडांना काही इतिहास नाही वाटतं?" मग त्याची गाडी सुरू व्हायची. एकदा त्याने सांगितलं, मोठमोठ्या राजमुकुटांत मिरवलेली काही नामांकित माणकं मुळात माणकं नव्हतीच. ती स्पिनेल नावाची दुसरीच रत्नं होती, आणि शेकडो वर्षं ते कुणाला कळलं नव्हतं.

"बिचाऱ्या राजांची फजिती," तो हसत म्हणाला.

"फजिती राजांची. स्पिनेल कधी म्हणालं होतं, मी माणिक आहे म्हणून? ते आपलं आपल्या रंगात बसलं होतं. नाव लोकांनी दिलं आणि उतरवलंही लोकांनीच."

तो तिच्याकडे बघत राहिला. "हे मी पाटीवर लिहू?"

"लिहा. खाली माझं नाव टाकणार असाल तर."

"आणि ओपल हा चोरांचा दगड," तो पुढे म्हणाला. "पानात गुंडाळून जवळ ठेवला की चोर कुणाला दिसत नाही असं मानायचे. ज्याच्याकडे खडा त्याची नजर तेज होते, समोरच्यांची अंधुक."

"म्हणून म्युझियमने पहारेकरी धाडलाय होय."

त्या दिवसापासून तो पहारेकरी झाला. 'या, पहारेकरी,' 'पहारेकरी, चहा घेणार का,' 'पहारेकरी, डुलक्या काढताय.' तो खरं तर डुलक्या काढत नव्हता. तो गालावर हात टेकून बसलेला असायचा आणि तिने अचानक वर पाहिलं की त्याची नजर चटकन कुठेतरी जायची — भिंतीवर, खिडकीवर, चहाच्या कपात... दगडावर मात्र फार क्वचित. मिरीच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. सकाळी निघताना ती हल्ली आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहायची, आणि कड उचलण्याचं काम जितक्या लवकर संपलं असतं तितक्या लवकर ती संपवत नव्हती. स्वतःच्या हातांचा एवढा गर्व असलेल्या मुलीने मुद्दाम हळू काम करावं, ही साधी गोष्ट नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटायची आणि तरी छान वाटायचं.

मग एका दुपारी कड पुरती सुटली, आणि मिरीचा हात जागच्या जागी थांबला.

तिने भिंग पुसून पुन्हा पाहिलं. नंतर काही न बोलता ते काढून त्याच्यापुढे धरलं. तो वाकला. दोघांची डोकी इतकी जवळ आली की तिला त्याच्या शर्टाच्या साबणाचा वास आला, आणि या वेळेला आपल्याला असले वास येतात याचा तिला राग आला.

"कडेला बघा. रेष दिसतेय?"

रेष दिसत होती. वर ओपलची नखाएवढी पातळ चकती, खाली साध्या काळ्या दगडाचा तळ, आणि दोन्हींच्या मध्ये गोंद. ब्रूचची मागची बाजू सोन्याने बंद केलेली, कड वरून दुमडलेली, त्यामुळे इतकी वर्षं हे कुणाला दिसलंच नव्हतं. प्रदर्शनाच्या मधल्या कपाटात ज्याची जागा ठरली होती, तो ओपल जोडखडा होता.

"पाटीवर मी 'अखंड ओपल' लिहिलंय," तो हळूच म्हणाला.

वडील उठून आले, त्यांनी पाहिलं आणि खुर्चीत परत जाऊन बसले. "मिरे, कड बंद कर आणि देऊन टाक. तुझ्याकडे काम कड दुरुस्त करायचं होतं. खडा खरा आत गेला आणि खोटा बाहेर आला असं म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो?"

"मी बंद केली की ते माझं खोटं होईल, बाबा. आज ते माझं नाही." तिचा आवाज जरा कापला, पण मान ताठ होती. "माझ्या हाताने उघडलंय, माझ्या तोंडाने सांगेन. चला, पहारेकरी."

तो पेटीत ब्रूच ठेवत होता.

"तिथे विचारतील, खडा नजरेआड झाला होता का," ती म्हणाली. "सांगाल ना, नाही म्हणून?"

पेटीची कडी लावायला त्याला फार वेळ लागला.

"पहारेकरी?"

"बघू," तो म्हणाला.

म्युझियमपर्यंतच्या रस्त्यावर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. बघू म्हणजे काय? इतके दिवस समोर बसून या माणसाने एवढंच ओळखलं का तिला? डोळ्यांत पाणी येत होतं, ते तिने वाऱ्यावर ढकललं.

म्युझियमच्या संचालक मॅडमच्या खोलीत आधीच कुणीतरी बसलं होतं. ज्यांनी ब्रूच म्युझियमला दिला त्या बाई, वय झालेल्या, पाठ सरळ, हातातली पर्स मांडीवर उभी धरलेली. पाटीवरचा मजकूर बघायला आल्या होत्या. मिरीने वेळ न घालवता पेटी उघडली, रेष दाखवली आणि खडा काय आहे ते सांगितलं.

बाईंनी खड्याकडे पाहिलंच नाही, त्या मिरीकडे बघत होत्या. "आमच्या घरातून गेला तेव्हा तो खरा होता. माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दिलेला. मधे फक्त तुझ्या टेबलावर होता."

मॅडमनी चष्मा काढला. त्या समजूतदार होत्या, पण प्रश्न विचारणं भाग होतं. त्यांनी पहारेकऱ्याकडे पाहिलं. "नियम तुला माहीत आहे. खडा कधी नजरेआड झाला होता का?"

"हो," तो म्हणाला.

मिरीच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं.

"किती वेळ?"

"बराच. रोज." त्याचे कान लाल झाले होते, पण त्याने मान खाली घातली नाही. "मी दगडाकडे बघायचं होतं, मॅडम. पहिल्या दिवशी बघितलं. नंतर मी यांच्याकडे बघत होतो. दगडाची शपथ मला घेता येणार नाही, मी त्याच्याकडे बघितलंच नाही. पण या हातांची घेतो. हे हात टेबलाखाली गेले नाहीत, खिशात गेले नाहीत. काम अडलं की या डाव्या अंगठ्याने करंगळी चोळतात. श्वास रोखायचा असला की आधी ओठ मुडपतात. मला यांचं सगळं पाठ आहे. यांनी काही बदललं असतं तर मला पहिलं कळलं असतं... कारण मी दुसरं काही बघतच नव्हतो."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, बहुधा हसू लपवायला.

"छान," पर्सवाल्या बाई म्हणाल्या. "म्हणजे प्रेमात पडलेल्या माणसाची साक्ष. ती कशाला धरायची?"

"ते खरंय," मॅडम त्याला म्हणाल्या. "आता तुझं म्हणणं मला धरता येत नाही रे."

त्याचा चेहरा उतरला. एवढा पुढचा विचार त्याने केला नव्हता. मिरीला एकाच वेळी त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला आणि खिडकी उघडून मोठ्याने हसावंसंही वाटलं. हा माणूस तिच्यावर संशय घेत नव्हता. तो फक्त खोटं बोलायला तयार नव्हता, आणि त्यापायी तिला बुडवायला निघाला होता.

ती उठली. "यांची साक्ष बाजूला ठेवा. मला साक्ष लागत नाही." तिने ब्रूच चामड्याच्या तुकड्यावर ठेवून बाईंसमोर नेला. "मला एवढंच सांगा, हा खडा तुम्ही सांभाळलात कसा?"

"कसा म्हणजे? जपून. दर आठवड्याला वाटीभर पाण्यात ठेवायचा, रात्रभर. ओपलला तहान लागते, पाणी नाही मिळालं तर तो मरतो, असं सासूबाईंनी मला सांगितलं. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी."

"अख्ख्या ओपलला ते चाललं असतं. पण जोडलेल्या खड्याला पाणी दिलं की ते गोंदात शिरतं." तिने भिंग बाईंच्या हातात दिलं. "रेषेच्या कडेने बघा. धुकं दिसतंय ना, आत आत गेलेलं? ते एका दिवसात येत नाही. माझ्या टेबलावर होता तेवढ्या दिवसांतही नाही. त्याला वर्षं लागतात, आणि दर आठवड्याला पाणी लागतं."

बाई कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग मॅडमनीही पाहिलं आणि मान हलवली. "बरोबर आहे. हे जुनं आहे."

"म्हणजे आम्हीच..." बाईंची सरळ पाठ पहिल्यांदा खुर्चीला टेकली. "म्हणजे तीन पिढ्या आम्ही खोटा दागिना मिरवला, आणि वर त्याला पाणी पाजत बसलो."

"खोटा कोण म्हणतंय?" मिरी म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा दुकानातल्यासारखा झाला. "ही चकती एकटी असती तर बोटाने मोडली असती. कुणीतरी तिच्यामागे काळा दगड लावला, म्हणून तिच्यातले रंग असे पेटले. आणि जोड अशी घातलीय की मला कड सोडवेपर्यंत कळली नाही. त्या माणसाचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे मी सहसा कुणाबद्दल म्हणत नाही."

"नाहीच म्हणत," पहारेकरी पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा," मिरी म्हणाली.

मॅडम म्हणाल्या की खडा मधल्या कपाटातच राहील, पाटी मात्र नव्याने लिहायची, आणि त्यात जोड घालणाऱ्या अनामिकाचा मान पहिला. पाण्याच्या वाटीची गोष्टही लिहायची, बाईंची हरकत नसेल तर. बाईंनी जरा विचार केला. हरकत नाही म्हणाल्या, फक्त सासूबाईंबद्दल आदराने लिहा.

मग त्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढली. गडद निळा नीलम, जुन्या घडणीचा. बोट लहानपणापासून त्याच अंगठीत असावं तसा त्याच्यावर पांढरा पट्टा उमटला होता. त्यांनी ती मिरीच्या तळहातावर ठेवली.

"खडा जरा हलतो. घट्ट करून दे."

मॅडमनी सवयीने विचारलं, "हिच्याबरोबर कुणाला पाठवू?"

"कुणी नको," बाई म्हणाल्या. "झाली की ही आणून देईल."

मिरीने मूठ मिटली. आभार मानावेत असं तिच्या मनात आलं, पण तिने नुसती मान लववली.

म्युझियमच्या पायऱ्यांवर दुपारचं मऊ ऊन पडलं होतं. तो तिच्यामागून धावतच बाहेर आला, मोकळ्या हातांनी, आणि हातांचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

"मी तुमचं नुकसान करणार होतो."

"करून झालं होतं. मी सावरलं."

"खोटं बोलायला हवं होतं का?"

"नाही." ती थांबली. "बोलला असतात तर आत्ता मी इथे थांबले नसते."

तो खालच्या पायरीवर गेला, त्यामुळे दोघांचे डोळे एका उंचीवर आले. "आत जे म्हणालो... ते तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. म्युझियमच्या संचालकांना नाही."

"मग सांगा आता. इथे दुसरं कुणी नाहीये."

"मला तुम्ही आवडता. फार. दगड आता कुठे ठेवलाय तेही मला आठवत नाही."

तिला हसू आलं, आणि या वेळी तिने ते आवरलं नाही. "मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "परवापासूनच सांगायचं होतं. पण इकडे येताना माझं नाव पणाला लागलेलं होतं, आणि अशा वेळी मी कुणाचा हात धरला असता तर लोक म्हणाले असते, आधार शोधतेय. मला आधार नको होता. आता माझं नाव माझ्याकडे आहे. आता धरते."

एवढं बोलून ती पायऱ्या उतरली आणि रस्त्याला लागली, अंगठीची मूठ घट्ट मिटलेली, मान अशी ताठ की समोरून येणारी माणसं आपोआप बाजूला होत होती. तो क्षणभर तिथेच उभा राहिला, मग भानावर येऊन लगबगीने मागे निघाला. गर्दीत तो चार पावलं मागे पडला होता. मिरीने वळून पाहिलं नाही, चालता चालता नुसता मोकळा हात मागे केला.